तिथं हाक कशी मारू

सोमवार, ४ फेब्रुवारी १९७४, झरी

परवा यांना मिशनच्या दवाखान्यातून घरी आणलं. पोटातली गाठ पसरली आहे, आता चिरून उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. खाववेल ते द्या, जवळ बसा, म्हणाल्या. किती दिवस, असं मी विचारलं. पावसाळ्यापर्यंतचं काही सांगता येणार नाही, म्हणाल्या.

मी हे यांना बसमध्येच सांगून टाकलं. लपवायची आम्हाला सवय नाही. हे खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणाले.

आणि काल उपासनेत उभे राहून साक्ष काय दिली! "भावांनो, बहिणींनो, मी घरी चाललोय. कुणी रडायचं नाही." नऊ घरांची आमची मंडळी. सत्तावीस वर्षं हेच तिचे प्रचारक. सगळ्यांचे डोळे भरून आले. पुढच्या सतरंजीवर बसून मला एवढंच वाटलं की हे घरी चालले असतील, तर मी सकाळी सारवलं ते घर कुणाचं?

हे कुणाजवळ बोलायची सोय नाही. प्रचारकाची बायको डगमगली की नऊ घरं डगमगतात. मी शाळेत दुसरीला शिकवते, तिथली एक कोरी वही घरी आणली आहे. हिच्यात तरी खरं लिहीन.

शनिवार, ९ फेब्रुवारी

यांचं वाटप सुरू झालं आहे. सायकल गेली. छत्री गेली. लग्नातला काळा कोट आज मंडळीतल्या कुसुमबाईच्या थोरल्याला देऊन टाकला, त्याची सोयरीक व्हायची आहे म्हणून. "तिकडं काय करायचाय कोट?" म्हणे. मला विचारायचं तर सोडाच, वर माझ्याच हातून घडी घालून घेतली.

एवढी घाई आहे जायची. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, आज तारीख काय? परीक्षेनंतरच्या सुट्टीचे दिवस मोजणारं पोरगं जसं विचारतं तसं. मीही मग तारीख सांगते आणि चुलीकडे जाते.

चपला मात्र दिल्या नाहीत. उलट चपला शिवणाऱ्या सटवाजीकडून टाका मारून आणायला लावल्या. अंगणापर्यंत जायची ताकद नाही, मग चपला कुठं न्यायच्या? आजारी माणूस हट्टी होतं हेच खरं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

मंडळीतल्या बाया आल्या होत्या. कुसुमबाईनं माझा हात धरून सांगितलं, "बाई, तुमी कामून खचता? वर भेट हाय की तुमची. हितं इकतीस वरसं झाली, तिथं तर कायमचंच हाय." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बरं वाटलं. मूलबाळ नाही आम्हाला, जे काय आहे ते एकमेकांना आम्ही दोघंच. ते तिथं पुन्हा मिळणार असेल तर मी दात आवळून उरलेली वर्षं काढीन, असं ठरवलं.

मग त्या गेल्यावर मी पवित्र शास्त्र घेऊन बसले. म्हटलं, पुनरुत्थानाविषयी जिथं जिथं आहे ते सगळं वाचून काढू, जरा आधार होईल. आणि ती गोष्ट समोर आली. सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली बाई. प्रभूला विचारतात, मेल्यानंतर ती या सातांपैकी कुणाची बायको? प्रभू म्हणतो, कुणाचीच नाही. तिथं लग्नच नाही. तिथं सगळे देवदूतांसारखे.

ही गोष्ट मी आधी वाचली असणारच. तेव्हा मला ती त्या बाईची वाटली होती.

बुधवार, २० फेब्रुवारी

पुन्हा वाचलं. चारांपैकी तीन शुभवर्तमानांत तेच लिहिलं आहे.

रविवार, ३ मार्च

परभणीहून पाळकसाहेब आले, यांना भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन दिलं. यांचा डोळा लागल्यावर मी ओसरीवर चहा देताना विचारून टाकलं, साहेब, तिथं गेल्यावर मी यांची कोण?

चांगला माणूस आहे, वाईट बोलवत नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, की तिथला आनंद इतका मोठा असेल की त्या नात्याची गरजच राहणार नाही.

गरज. म्हणजे आता जी आहे ती गरज आहे, आणि ती एक दिवस भागेल. मी सार्वकालिक जीवन मागितलं होतं ते यांच्याबरोबर मागितलं होतं. नुसतं सार्वकालिक जीवन घेऊन मी करू काय? सरत नाही असा तो काळ, तो कुणाशी बोलत काढू? देवदूतांशी? त्यांना माझ्या भाकरी जाड होतात हे तरी माहीत आहे का?

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. दुपारी शब्बाथ शाळेत, रविवारच्या धर्मवर्गात, पोरांना स्वर्गाचं गीत मीच शिकवलं.

गुरुवार, १४ मार्च

आता पेज सोडून काही उतरत नाही. कुशीवर वळताना खाटेची कड धरून ठेवतात, मनगटाच्या शिरा वर येतात. दुखतं का, विचारलं तर मान हलवतात. खाट दारासमोर ओढून घ्यायला लावली आहे. येणारं-जाणारं दिसलं पाहिजे म्हणे. मी पाण्याला गेले की परत येईपर्यंत डोळे दाराकडे. माझी नसेल, पाळकसाहेबांची वाट बघत असतील.

शेजारच्या सरजाबाईनं ज्वारीच्या लाह्यांचं पीठ आणून दिलं. तिचा नवरा सिताराम दोन वर्षांमागे साप चावून गेला. ती बौद्ध, तिच्याकडे स्वर्गाचं काही नाही, म्हणून तिच्याशी बोलायला मला भीती वाटत नाही. मी तिला विचारलं, तुमच्यात पुन्हा भेटायचं काही आहे का?

"आमच्यात वर-बिर कायी न्हाई बाई. गेलं ते गेलं. मी त्यायच्या धोतराची गोधडी शिवली, ती पांघरते."

"मग बरं वाटतं का?"

"न्हाई वाटत. पर थंडी वाजत न्हाई."

तिच्याजवळ एक गोधडी तरी आहे. माझ्या वाटणीला आनंद येणार आहे, नात्याची गरज नसलेला.

मंगळवार, २६ मार्च

वीरभद्र अप्पा आले होते. ते लिंगायत. त्यांचं किराणा दुकान आणि यांची दोस्ती, दोन्ही आमच्या लग्नाइतकी जुनी. तीस वर्षं दोघं कैलास मोठा की स्वर्ग मोठा यावर भांडत आले आहेत. आज यांना बघून अप्पांचा चेहरा उतरला, पण थट्टा सोडली नाही.

"प्रचारक, अजून येळ हाय. आमच्यात या. आमी मेलेल्याला बसवून मातीत ठिवतो. तुमच्यासारखं निजवून नाही. निजलेलं माणूस वक्ताला उठत न्हाई, सगळ्यायला मालूम हाय."

हे पुष्कळ दिवसांनी हसले. हसताना पोट दाबून धरलं. मग म्हणाले, "अप्पा, तिथं गर्दी लय असल, न्हाई?"

अप्पा म्हणाले, असणारच, आदमापासूनची माणसं. हे पुन्हा म्हणाले, "लय गर्दी असल." मला वाटलं, अजून थट्टाच चालली आहे. अप्पा जाताना ओसरीच्या खांबाला धरून रडले. मी त्यांना पाणी दिलं.

शनिवार, ६ एप्रिल

आज माझा तोल गेला.

उद्या झावळ्यांचा रविवार. झोपून का होईना उपासना घेणार, म्हणून कुठला पाठ घ्यावा असं मला विचारलं. मी म्हटलं, सात भावांच्या बायकोचा घ्या. आणि मी रडायलाच लागले. जे पाळकसाहेबांना विचारलं होतं तेच यांना विचारलं, पण ओरडून. तुम्ही तिथं माझे कुणीच नसणार, तर मग घरी चाललोय, घरी चाललोय असं आनंदानं सांगता कसे? मला सोडायचा एवढा आनंद?

यांनी खाटेची कड धरून माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "मला मालूम हाय ते वचन."

केव्हापासून?

"लग्न व्हायच्या आधीपासून."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सत्तावीस वर्षं दर रविवारी हे बोलले. शास्त्रातलं कुठलं पान सोडलं नाही, वंशावळींवरसुद्धा बोलले. या एका वचनावर मात्र एकदाही नाही. घरच्या प्रार्थनेत वाचायला मी बसायचे तेव्हा ते पान आलं की हे ते उलटून पुढं जायचे. मला वाटायचं, दोन पानं चिकटली असतील.

मी विचारलं, का सांगितलं नाही? म्हणाले, "काय सांगू?" एवढंच. मला याचा फार राग आला आहे. सगळं ठाऊक असून माणूस आनंदानं निघतो कसा, मला कळत नाही.

रविवार, १४ एप्रिल, पुनरुत्थानाचा दिवस

उजाडताना मंडळी कब्रस्तानात जमली. यांना खाटेसकट चौघांनी नेलं. प्रत्येक कबरेवर मेणबत्ती लावली, गीत झालं, आणि मग हे बोलले. आवाज इतका बारीक झाला आहे की सगळे खाटेभोवती बसले.

म्हणाले की प्रभूची कबर रिकामी बघून त्याची शिष्या मरिया बागेत रडत उभी होती. प्रभू समोर होता आणि तिला कळलं नाही, तिला तो माळी वाटला. चेहरा बघून कळलं नाही. बोललेलं ऐकूनही कळलं नाही. मग त्यानं नुसतं तिचं नाव घेतलं. "नाव घेतल्यावर कळलं. एवढंच सांगायचं होतं मला."

लोकांना वाटलं थकवा आला, म्हणून थांबले. मलाही तसंच वाटलं.

बुधवार, १७ एप्रिल

भलतंच काढलं आहे यांनी. दुपारी मी पाय चेपत होते तर म्हणाले, "तू मला नावानं हाक मार."

मी हसले. म्हटलं, या वयात?

हे हसले नाहीत. म्हणाले, तिथं आपण नवरा-बायको नसणार, ते खरं हाय. "मग तू मला कशानं हाक मारशील? अहो म्हणशील? त्या गर्दीत अहो म्हणलं तर किती जण वळतील. मला कसं कळल की तूच हायेस?"

एकतीस वर्षांत मी यांचं नाव घेतलेलं नाही. या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही, आताच मागची पानं चाळून बघितलं. लग्नात देवळात ते म्हणावंच लागतं, तेव्हा मी पदरात तोंड घालून पुटपुटले होते, आणि पाद्रीसाहेबांनी तेवढ्यावर सोडलं होतं. आईनं शिकवलं होतं की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. मी शाळेतली शिक्षिका, प्रचारकाची बायको, असल्या गोष्टींना हसणारी. पण आज तोंड उघडायला गेले आणि आई समोर उभी राहिली. यांचे किती दिवस उरले आहेत? त्यातला एक माझ्या जिभेनं कमी झाला तर?

आणि दुसरंही आहे, ते यांना सांगितलं नाही. नावानं हाक मारली म्हणजे मी कबूल केलं की हे माझे नवरा नाहीत. ते मी जिवंतपणी कबूल करणार नाही. देवानं लिहून ठेवलं असलं तरी नाही.

मी म्हटलं, पेज आणते.

रविवार, २१ एप्रिल

पुन्हा विचारलं. मी म्हटलं, उद्या.

बुधवार, २४ एप्रिल

काल सकाळपासून यांचा आवाज बंद झाला. आज तारीख विचारायचीही राहिली. मी आपणहून सांगितली, तर डोळ्यांतून पाणी आलं. दुखत असेल.

दुपारी माझा पदर मुठीत धरला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, काय, पाणी पाहिजे? शेक देऊ? पुन्हा बोट छातीकडे. काय मागत होते ते मला समजत होतं. मी पाणीच दिलं. ते गळ्याखाली गेलं नाही, उशीवर सांडलं. पदर सोडवून घ्यायला एक एक बोट उचलावं लागलं.

उद्या हाक मारीन. नक्की.

शनिवार, २७ एप्रिल

गुरुवारी गेले. सकाळची वेळ. मी विहिरीवर होते. विहीर आटली आहे, घागर भरायला घटका लागते. यांच्यापाशी सरजाबाई बसली होती. ती सांगते, शेवटपर्यंत दाराकडेच बघत होते, मग बघायचे थांबले.

मी आले तेव्हा हात गरम होता. घागर कुठं ठेवली आठवत नाही. मी हाक मारली.

"आश्रुबा."

मोठ्यानं मारली. एकदा, दोनदा, किती वेळा ते ठाऊक नाही. लोक धावत आले. नऊ घरांनी ऐकलं, सगळ्या आळीनं ऐकलं. कुसुमबाई माझ्या तोंडावर हात ठेवू लागली तो मी झटकला. आश्रुबा, ओ द्या. आश्रुबा, मी हाय. काही आलं नाही परत.

नाव न घेताही आयुष्य घटलंच की. आईचं म्हणणं खोटं होतं हे कळायला यांचा जीव जावा लागला. तीनदा मागितलं या माणसानं, आणि मी पेज दिली, उद्या दिला, पाणी दिलं.

काल माती दिली. वीरभद्र अप्पा कब्रस्तानाच्या दारात कपाळाचं भस्म पुसून उभे होते. पाळकसाहेब म्हणाले, आश्रुबा प्रभूमध्ये झोपी गेला आहे. सगळ्यांना किती सहज घेता येतं ते नाव.

यांच्या चपला खाटेखाली सापडल्या. पुसून जोडीनं दाराकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या. उठवत नव्हतं तर केव्हा ठेवल्या देव जाणे. निघायला इतके तयार होते, असं मी सरजाबाईला म्हटलं. ती म्हणाली, "तयार व्हते की भेले व्हते बाई? मह्या हाताला धरून व्हते, तर हात कसा थरथरायला व्हता."

मी तिला गप्प केलं. हे भिणारे नव्हते.

रविवार, १२ मे

रेल्वेचा संप चालू आहे, म्हणून सिकंदराबादच्या नणंदबाई आल्या नाहीत. बरं झालं. त्यांना बघितलं असतं तर यांचं नाक दिसलं असतं.

उपासनेला गेले नाही. कुसुमबाई विचारायला आली, तिला पाय दुखतो सांगितलं. प्रार्थना होत नाही. तोंड उघडलं की देवाशी भांडणच सुरू होतं. तुला सगळं निर्माण करता आलं, आणि हे एवढं एक नातं तिथं ठेवता आलं नाही? जागा कमी पडत होती? हे रोज त्याला विचारते. सकाळी चूल पेटवताना, दुपारी, दिवा लावताना. माझा विश्वास उडाला आहे हे आता वहीत लिहून टाकायला हरकत नाही.

सरजाबाईनं विचारलं, त्यांच्या धोतरांची गोधडी शिवू का? मी नको म्हटलं. मग रात्रीचं गार वाटतं, म्हणून आज हो म्हणून आले.

मंगळवार, ११ जून

शाळा उघडायला आली. वर्गाला चुना लावून घेतला.

महिना झाला, रोज सकाळी कब्रस्तानात जाते. उन्हं चढायच्या आत जाते, कारण माणसं नसतात. आज सरजाबाई शेळी घेऊन तिकडेच होती. मी कबरेजवळ उभी राहून जे करते ते तिनं ऐकलं. तिनं जवळ येऊन विचारलं, "बाई, मेलेलं माणूस ऐकतं व्हय?"

मी म्हटलं, नाही ऐकत.

"मग कामून हाका मारता?"

मी तिला सांगितलं की सवय करते आहे. एकतीस वर्षांची जीभ आहे, ती अशी एका दिवसात वळत नाही. तिथं गेल्यावर त्या गर्दीत ऐन वेळी अडखळायला नको. एकदा चुकलं, आता पुन्हा चुकायचं नाही. ते मला बघून ओळखणार नाहीत, मला नावच घ्यावं लागणार.

सरजाबाई शेळीची दोरी हातात धरून तिथंच दगडावर बसली आणि म्हणाली, "मारा, मी आयकते. बरुबर येतं का सांगते."

मग मी पुन्हा सुरुवात केली. दोनदा चांगलं जमलं, मोकळ्या आवाजात. तिसऱ्यांदा तोंडातून अहो निघालं.